राहून गेलेला तास

दिल्लीला जायचे ठरले आणि पहिली अडचण आली ती कुलपाची.

आमच्या सोनईपासून शनिशिंगणापूर पाच-सहा किलोमीटरांवर आहे. तिथल्या घरांना दारे नसतात, ही गोष्ट आता सगळ्या जगाला ठाऊक झाली आहे. त्यामुळे मी सोनईची म्हटले, की पुण्या-मुंबईचे पाहुणे पहिला प्रश्न हाच करतात, "मग तुम्हीसुद्धा कुलपं लावत नाही का हो?" "लावतो की!" मी म्हणते. "शनिदेवाने आमची हमी कुठे घेतलीय?" पण खरे सांगायचे, तर या घराचे माप ओलांडून मी आत आले त्याला तेहतीस वर्षे झाली, तेवढ्या काळात आमच्या दाराला कुलूप लागलेले मी पाहिलेले नाही. आधी सासूबाई होत्या, मग मुले होती, मग मी होते. आम्ही दोघांनी मिळून चार दिवस घराबाहेर राहावे, असा योगच कधी आला नाही.

शेवटी फडताळाच्या तळाशी मामंजींच्या वेळचे एक कुलूप सापडले. मुठीएवढे, लोखंडी, गंजून तांबडे झालेले. मी त्याला दोन दिवस गोडेतेल पाजले, तेव्हा कुठे किल्ली फिरली. मी ते यांच्यापुढे नाचवीत म्हटले, "बघा, तुमच्या इतिहासातलं कुलूप!"

हे म्हणाले, "हं."

या 'हं'साठीच तर दिल्लीची सगळी उठाठेव होती.

आमचे हे हायस्कुलात इतिहास शिकवीत. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला, मुलींनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी हे नेहमीसारखे पाचला उठले, इस्त्रीचा सदरा घातला आणि ओट्यावर जाऊन बसले. शाळेची घंटा आमच्या ओट्यावर ऐकू येते. घंटा झाली, की यांची मान त्या दिशेला वळायची आणि पुन्हा वर्तमानपत्रात जायची. हळूहळू बोलणे कमी होत गेले. आधी वाक्ये गेली, मग शब्द गेले. उरला तो 'हं'. भाजीत मीठ कमी पडले तरी 'हं', मुलीचा फोन आला तरी 'हं', शेजारी बारसे झाले तरी 'हं'.

माणूस रागावला, तर समजूत घालता येते. आजारी पडला, तर डॉक्टर आहे. डॉक्टरांनाही दाखवले. रक्तदाब ठीक, साखर ठीक. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, सर ठणठणीत आहेत." मी मान हलवली. पण रात्री मध्येच जाग आली, की मी अंधारात यांचा श्वास ऐकत पडून राही. एखाद्या दिवशी हा 'हं'ही येईनासा झाला तर, ही भीती मी कुणाला सांगणार?

पुण्याच्या आमच्या लेकीने ते ओळखले असावे. तिने परस्पर दिल्लीची तिकिटे काढली आणि फोनवर यांना सांगितले. हे म्हणाले, "दिल्ली पाहिलीय मी."

"कधी हो?" मी विचारले.

"पुस्तकात."

तीन शब्दांच्या वर बोलणे गेले, यातच मला आनंद झाला. बत्तीस वर्षे या माणसाने मुलांना दिल्ली शिकवली आणि दिल्ली काही पाहिली नाही. आधी नणंदांची लग्ने, मग घराचे कर्ज, मग मुलांची शिक्षणे. फळ्यावर काढलेल्या नकाशातच यांची सगळी यात्रा होत असे.

पौष लागला होता. साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. उसाच्या गाड्या रस्त्याने रांगेने चालल्या होत्या आणि गावावर मळीचा तो आंबूस वास पसरलेला होता. मी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, डिंकाचे लाडू वळले. यांच्या माकडटोपीला दोन टाके घातले. कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले आणि आम्ही नगरच्या स्टेशनावर गाडीत बसलो. आता अहिल्यानगर म्हणायचे. पण माझ्या जिभेला अजून वळण पडलेले नाही. मनमाड गेले, भुसावळ गेले, रात्र उतरली. पहाटे ग्वाल्हेरच्या सुमारास धुके असे दाटले, की खिडकीबाहेर जग आहे की नाही, याचीच शंका यावी. गाडी मुंगीच्या पावलांनी चालू लागली. समोरच्या बाकावरचा सगळा डबा धुक्यावर बोलत होता. आमचे हे धुक्याकडे पाहत होते.

दिल्लीची थंडी काही वेगळीच! आमच्याकडची थंडी सकाळी येते, शेकोटीशी बसते आणि उन्हाबरोबर निघून जाते. ही बया दिवसभर मुक्कामाला! आम्ही पहाडगंजात एका साध्या लॉजमध्ये उतरलो होतो. तिथला पोऱ्या सकाळी सहाला दार ठोठावून चहा आणून देई. रजईतून हात काढून तो चहा घेताना मला अगदी राजवाड्यात असल्यासारखे वाटे. तेहतीस वर्षांत अंथरुणात चहा मी बाळंतपणातच काय तो घेतला असेन.

यांनी कागदावर वेळापत्रक मात्र शाळेसारखे आखले होते. पहिला दिवस: कुतुब. दुसरा: हुमायूनची कबर, राजघाट. तिसरा: लाल किल्ला. वेळापत्रक बोलके होते, मास्तर मुके.

कुतुबमिनारापाशी मी मान वर करकरून पाहिले. अडीचशे फुटांपेक्षा थोडा कमी, पण पायथ्याशी उभे राहिले की आकाशाला टेकल्यासारखा वाटतो. जवळच तो प्रसिद्ध लोहस्तंभ, गुप्तांच्या काळातला. सोळाशे वर्षे उन्हापावसात उभा आहे आणि गंजलेला नाही. मला आमचे कुलूप आठवले. मग आमच्या नेवाशाचा पैस खांब आठवला, ज्ञानेश्वर माउली ज्याला टेकून बसली आणि ज्ञानेश्वरी सांगती झाली तो. सोनई नेवासे तालुक्यातलीच. लहानपणापासून आम्ही त्या खांबाला मिठी मारत आलो. यांना बोलते करावे म्हणून मी मुद्दाम विचारले, "अहो, माउलीने ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा हा मनोरा होता का हो?"

"होता."

बस्स. एरवी या एका प्रश्नावर ज्ञानेश्वरीचे १२९० साल निघाले असते, त्या साली दिल्लीच्या गादीवर बसलेला जलालुद्दीन खिलजी निघाला असता. निदान वर्गात निघत असावा, असे मुले सांगत. मला कुठले ठाऊक? हे शाळेतून घरी येत ते घसा बसलेला असे. गुळण्यांचे गरम पाणी मागत आणि म्हणत, "दिवसभर मी बोललोय, आता तू बोल." आणि मीही बोले. घर माझ्या बोलण्याने भरून जाई आणि यांचे बोलणे मात्र शाळेतच संपून येई. यांच्या हाताखालून गेलेली मुले आता डॉक्टर झाली, फौजदार झाली. भेटली की म्हणतात, "काकू, सरांचा पानिपताचा तास म्हणजे...!" मी हसून मान डोलावते. जणू पुढच्या बाकावर मीच बसले होते!

तिसरा दिवस उजाडला. लाल किल्ल्याच्या दारात गेलो, तर दार बंद. सोमवार! सोमवारी किल्ला बंद असतो, एवढी एकच गोष्ट यांच्या वेळापत्रकातून निसटली होती. मला हसू आवरेना. यांनी खिशातून कागद काढला, 'सोम' खोडून 'मंगळ' केले आणि पुन्हा घडी घालून ठेवला. भांडणसुद्धा नाही. अहो, भांडायलासुद्धा दुसरे माणूस लागते!

मंगळवारी आत गेलो. धुके विरून कोवळे ऊन पडले होते. दिवाण-इ-खासापाशी एक वाटाड्या दहा-बारा जणांना गोळा करून माहिती सांगत होता. लाल मफलर, तोंडात पान, आवाज खणखणीत. त्याच्याभोवती सोलापूरकडच्या बायका होत्या. नऊवारीवर स्वेटर, डोक्याला रुमाल. बरोबर दहा-अकरा वर्षांचा एक नातू. आपली भाषा कानावर पडली म्हणून मीही सरकत सरकत त्यांच्यात जाऊन उभी राहिले. हे मागे, हात पाठीशी बांधून.

वाटाड्या हिंदीत सांगत होता, की शहाजहानने १६३९ साली हा किल्ला बांधायला घेतला, १६४८ साली पुरा केला. इथे मयूरासन होते, वर चांदीचे छत होते. मग इराणचा नादिरशहा आला आणि मयूरासनही घेऊन गेला आणि चांदीचे छतही घेऊन गेला.

"नाही."

मी दचकून मागे पाहिले. हे माझ्यामागून पुढे आले होते.

"मयूरासन नादिरशहाने नेलं, १७३९ साली. छत त्याने नाही नेलं," हे आधी हिंदीत म्हणाले, मग त्या बायकांकडे वळून मराठीत म्हणाले, "छत आपण काढलं."

"आपण म्हंजी?" एका आजींनी विचारले.

"आपण म्हणजे मराठ्यांनी. सदाशिवरावभाऊंनी. १७६० साल, ऑगस्ट महिना."

आणि हे बोलता बोलता यांचा उजवा हात वर गेला, चिमटीत खडू धरल्यासारखा, आणि त्यांनी हवेत '१७६०' असे लिहिले! खाली एक रेघसुद्धा ओढली. मला तेव्हा काय वाटले ते सांगता येत नाही. एवढेच सांगते, की मी पर्समधला रुमाल काढला.

तो नातू चौकस होता. तो म्हणाला, "म्हणजे आपणपण लुटलं?"

आजी त्याला गप्प करायला लागल्या, तर यांनी त्यांना थांबवले. "अहो, विचारू द्या. चांगला प्रश्न आहे." मग त्याच्यापुढे थोडे वाकून म्हणाले, "हे बघ बाळ. भाऊ एवढं मोठं लष्कर घेऊन दक्षिणेतून इतक्या लांब आलेले. पावसाळ्यात यमुनेला पूर, अब्दाली पलीकडे, आपण अलीकडे. पुण्याहून पैका येईना. शिपायांचे पगार थकलेले, घोड्यांना दाणा नाही. तेव्हा हे छत उचकटून, वितळवून त्याचे रुपये पाडले. हे झालं कारण. पण कारण सांगितलं, म्हणून केलेलं पुसलं जात नाही. दुसऱ्याने नेलं ते मोठ्या अक्षरात लिहायचं आणि आपण काढलं ते गाळायचं, याला इतिहास म्हणत नाहीत."

मुलाने क्षणभर विचार केला. "मग चांदी पुरली का?"

आणि हे हसले. दोन वर्षांनी हसले. "नाही रे पुरली! तेच तर सांगायचंय!"

मग काय विचारता! दिवाण-इ-खासाच्या पायरीशी पाऊण तास वर्ग भरला. कुंजपुऱ्याचा विजय झाला, पानिपताला वेढा पडला, १४ जानेवारी १७६१चा दिवस आला. त्या दिवसाचे सांगताना यांचा आवाज इतका खाली आला, की बायका पुढे झुकल्या. मग दहा वर्षांनी महादजी शिंदे पुन्हा दिल्लीत आले, त्यांनी शहाआलमला गादीवर बसवला, तेव्हा आजींनी चक्क टाळी वाजवली. वाटाड्या पान चघळायचे विसरून ऐकत होता. शेवटी त्याने यांना हात जोडले. "मास्टरजी?" त्याने विचारले. यांनी मान हलवली, "हां जी." 'होतो' म्हणाले नाहीत.

आणि मी? मी खांबाला टेकून उभी होते. तेहतीस वर्षे या मास्तरांची बायको. आणि यांचा तास मी आज पहिल्यांदा ऐकत होते. ज्या आवाजासाठी मी गुळण्यांचे पाणी तापवले, तो आवाज असा असतो हे मला ठाऊकच नव्हते. मला अभिमान वाटला आणि थोडा रागही आला. गावातल्या सगळ्या पोरांना जे मिळाले, ते मला या माणसाने कधी दिले नव्हते. आणि मीही कधी मागितले नव्हते.

बाहेर पडताना हे बोलतच होते. "ती बघ मोती मशीद, औरंगजेबाने बांधलेली. इथून निघाला आणि शेवटी आपल्या नगरला, भिंगारपाशी मेला, १७०७ साली. आणि पंडितजी नगरच्या किल्ल्यात कैदेत होते आणि पुढे इथे झेंडा लावायला उभे राहिले. पंधरा ऑगस्टला नव्हे हं, लाल किल्ल्यावर १६ ऑगस्टला."

मला भूक लागली होती, पाय भरून आले होते. पण हे जामा मशिदीच्या दिशेने वळले. "दोन मिनिटं चल. इथे एक नगरचा माणूस आहे."

मला वाटले, यांचा एखादा विद्यार्थी असेल. पाहते तो एक बाग आणि बागेत एक कबर. साधीच, वर पांढऱ्या कमानींचे छत. बाहेर बाजाराचा एवढा गलबला, पण इथे आमच्याखेरीज कुणी नव्हते. मौलाना अबुल कलाम आझाद. १९५८च्या फेब्रुवारीत वारले, तेव्हा त्यांना इथे ठेवले.

"हे कसे नगरचे?" मी म्हटले.

मग हे कठड्यावर बसले, मलाही बसवले आणि सांगू लागले. या वेळी समोर वर्ग नव्हता, मीच होते.

१९४२च्या ऑगस्टात मौलाना काँग्रेसचे अध्यक्ष होते. कलकत्त्याला घरी बायको आजारी, झुलेखा बेगम तिचे नाव. तिला तशीच ठेवून ते मुंबईच्या बैठकीला निघाले. पहाटे पकडले गेले आणि नेहरू, पटेल यांच्याबरोबर नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले गेले. तिथे ते पहाटे अंधारात उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत आणि एका मित्राला पत्रे लिहीत. पत्रे पाठवायची सोय नव्हती; तरी लिहीत. त्यात त्यांनी चहाबद्दल लिहिले, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांबद्दल लिहिले. पुढे बायकोचे दुखणे वाढल्याची बातमी किल्ल्यात आली. पण तिला भेटू द्या, म्हणून इंग्रज सरकारकडे अर्ज करायला ते तयार झाले नाहीत. १९४३च्या एप्रिलमध्ये ती गेली. त्यानंतरच्या पत्रात त्यांनी किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या, बेवारशी कबरीबद्दल लिहिले. इतके दिवस ती नुसती दिसत होती; आता तिच्याशी काही नाते असल्यासारखे वाटते, असे काहीसे.

हे थांबले. मीही काही बोलले नाही. त्या किल्ल्यावरून मी किती वेळा गेले असेन! बाजाराला, दवाखान्याला, लेकीच्या बस्त्याला. त्या भिंतींच्या आत एक माणूस आपल्या बायकोशी राहून गेलेले बोलणे असे कागदावर चिमण्यांना सांगत बसला होता, हे मला कुणी सांगितले नव्हते. घरातच सांगणारा होता, तरी.

"त्यांना बोलता येत नव्हतं," हे बऱ्याच वेळाने कबरीकडे पाहत म्हणाले. "मध्ये तुरुंग होता." आणि मग, "आपल्या मध्ये काय होतं गं?"

"घसा," मी म्हटले. "तुमचा बसायचा, माझा सुटायचा."

यांनी खांद्यावरची शाल सारखी केली, उठले आणि कोपऱ्यावरच्या टपरीवरून दोन चहा घेऊन आले. स्वतः! एक माझ्या हातात देताना म्हणाले, "गरम आहे, सांभाळून."

पुढचे दोन दिवस मी दिल्ली पाहिली असे म्हणण्यापेक्षा ऐकली असे म्हणेन. पाय दुखत होते ते तसेच दुखत राहिले. पण तक्रार करायला वेळ झाला नाही.

परतलो तेव्हा रात्र झाली होती. दारात उभ्या राहून मी किल्ली फिरवते, तर कुलूप काही दाद देईना. तेवढ्या दिवसांत ते पुन्हा रुसून बसले होते. शेवटी शेजारचा मुलगा हातोडी घेऊन आला आणि दोन घावांत मामंजींचे कुलूप खाली पडले. मला वाईट वाटले. पण हे त्या मुलाला म्हणाले, "सोळाशे वर्षं न गंजलेला खांब पाहून आलोय आम्ही. ये उद्या, सांगतो."

तो दुसऱ्या दिवशी आला, आणि येताना दोन मित्र घेऊन आला. आता संध्याकाळी शाळेची शेवटची घंटा झाली, की चार-पाच पोरे आमच्या ओट्यावर जमतात. कधी पानिपत असते, कधी नगरचा किल्ला. नवे कुलूप आणायचे अजून झालेले नाही. स्वयंपाकघरातून ओट्यावरचे नीट ऐकू येत नाही, म्हणून मधले दार मी उघडेच ठेवते. परवा मी कणीक मळीत होते, तर बाहेरून हाक आली, "ऐकतेयस ना गं?"

मी म्हटले, "हं."